आधीचा फोटो

"तुम्ही शिक्का मारलात म्हणून आम्ही विश्वास ठेवला. आता उत्तरही तुम्हीच द्यायचं."

रोसेल्दानं कापडी पिशवी काउंटरवर उलटी केली. साबणाच्या गुलाबी डब्या धपाधप पडल्या. एक घसरत जाऊन कोपऱ्यातल्या सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, मूर्तीला टेकली. मूर्तीभोवतीचे लाल-हिरवे दिवे लुकलुकत राहिले.

"इथे पंख्याखाली बसून शिक्के मारता, आणि पोरींची तोंडं जळतात आमच्या घरात! कोणी मारला हा? त्याला बाहेर बोलवा. मला त्याचं तोंड बघायचंय."

अन्न-औषध परवाना कार्यालयाच्या काउंटरमागचे वेनान्सियो कॉफीत बुडवलेला पाव तोंडाकडे नेत होते. पाव मधल्यामध्ये गळून कपात पडला. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग डब्यांकडे, मग रोसेल्दाकडे.

"मानांग, ताई, आधी बसा. ओरडलात तरी फॉर्म भरावाच लागतो आणि नाही ओरडलात तरी भरावाच लागतो."

मग त्यांना तिच्या मागे उभी असलेली मुलगी दिसली. पंधरा वर्षांची असेल. शाळेचा पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड काजळीनं काळंकुट्ट.

"काय गं इंदाय, पोरी, जत्रा रविवारीच संपली ना? आज गुरुवार. तुमच्या गल्लीतले ढोल थांबले नाहीत वाटतं अजून!"

ते स्वतःच हसले. रोसेल्दाची मुलगी लिझेल हसली नाही.

जानेवारीतल्या त्या आठवड्यात गावातलं लहानथोर तेलात कालवलेली काजळी फासतं आणि सांतो निन्योच्या नावानं डोंगरातल्या काळ्या आदिवासींसारखं, आतींसारखं होऊन नाचतं. डोंगरातून उतरलेले खरे आती त्याच वेळी चर्चच्या पायरीवर हात पसरून बसलेले असतात, त्यांच्याबरोबर मात्र कोणी नाचत नाही. सोमवारी सगळे घासून घासून तोंड धुतात आणि पुन्हा गोरं व्हायच्या उद्योगाला लागतात. यंदा नाचाच्या रस्त्यावरची कमान याच गुलाबी डब्यांच्या रेना पुती साबणवाल्यांनी दिली होती. हजारो काळी तोंडं "हाला बिरा!" ओरडत तिच्याखालून गेली, आणि वरून दुधासारखी एक बाई त्यांच्याकडे पाहून हसत राहिली. गावाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मेयरनी फीतसुद्धा कापली.

लिझेलनं सोमवारी तोंड धुतलं नाही. मंगळवारी शाळेत निघताना तिनं परसातल्या चुलीपाशी जाऊन काजळीचा आणखी एक हात फिरवला. बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं तर दिवसभर बाहेर उभी राहिली.

वेनान्सियोंनी एक डबी उचलली, चष्मा कपाळावर चढवला आणि मागचा नंबर कॉम्प्युटरवर एकेक आकडा शोधत टाइप केला. स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं.

"शिक्का आमचा नाही हा. छापून घेतलेला आहे."

"आणि नंबर?"

"नंबर आहे आमचा." ते घुटमळले. "सार्डिनच्या डब्याचा आहे. टोमॅटो सॉसमधल्या."

"म्हणजे मी पोरीच्या तोंडाला मासळीचा परवाना फासला?"

"मानांग, परवाना मासळीचा. आत काय आहे ते तपासल्याशिवाय कसं सांगू? बहुतेक पारा असणार. अशा पाच तक्रारी आल्यात जत्रेपासून."

"पाच! मग एवढ्या मोठ्या कमानीवर नाव होतं तेव्हा तुम्ही कुठे होतात? त्याच कमानीखालून तुम्हीही नाचत गेला असाल की!"

वेनान्सियोंनी हात कानाकडे नेला. कानामागे अजून काजळीची रेघ राहिली होती त्यांच्या. "कमानीचं काम नगरपालिकेचं," एवढं म्हणाले. पलीकडच्या टेबलावरची बाई मघापासून डब्यांकडे पाहत होती. तिनं आपला ड्रॉवर अलगद उघडला, आतल्या तसल्याच गुलाबी डबीकडे पाहिलं, आणि तितक्याच अलगद बंद केला. मग दोन्ही हातांचे तळवे स्कर्टला पुसले.

फॉर्म काढला गेला. वेनान्सियो विचारत होते आणि लिहीत होते. नाव, गाव, बारांगाय म्हणजे वस्ती. किती महिने वापरला. चौदा. दिवसातून किती वेळा. दोनदा, परीक्षेच्या दिवसांत तीनदा.

"परीक्षेचा काय संबंध?"

"परीक्षेनंतर बँडच्या पुढे चालणाऱ्या मुली निवडतात," रोसेल्दा म्हणाली. "पांढरे बूट, हातात काठी. गेल्या वर्षी हिला नाही घेतलं. ही सगळ्यात चांगली नाचते, हे बाईच म्हणाल्या, आणि ड्रमच्या मागे उभी केली. वर्गात हिला 'उलिंग' म्हणतात. कोळसा. मलाही म्हणायचे. त्याच शाळेत."

"हं." त्यांनी हे लिहिलं नाही. "विकत कोणाकडून घेतला? विकणाऱ्याचं नाव."

आतापर्यंत धडाधड उत्तरं देणारी रोसेल्दा थांबली. तिनं पडलेल्या डब्या गोळा करून एकावर एक रचायला घेतल्या.

"मानांग? नाव लागतं. नाव नसेल तर साहेब कागद खालीच ठेवतात."

"लिहा. रोसेल्दा मागबानुआ."

"ते तुमचं झालं. विकणारा कोण?"

"तेच लिहा."

वेनान्सियोंनी पेन उचललं, पण टेकवलं नाही.

"मी रोज संध्याकाळी सातला फोन उभा करून लाइव्ह करते," रोसेल्दा डब्यांशीच बोलावं तसं बोलली. "अर्ध्या बारांगायनं माझ्याकडून घेतलाय. 'या गं माझ्या राण्यांनो, लाजता कशाला, काळं राहायला देव सांगतो का?' असं बोलावं लागतं. आमच्या वरची मॅडम शिकवते. माझं नाव लिहा, सर. पण त्या मॅडमचंही लिहा, आणि तिच्या वरच्याचं, आणि त्याच्याही वरच्याचं. सगळ्यात वर कोण आहे ते मला ठाऊक नाही. ते तुम्ही शोधा. त्याचा पगार मिळतो तुम्हाला."

वेनान्सियोंनी नाव लिहिलं. हळू लिहिलं. मग पेन खाली ठेवून लिझेलकडे वळले. आवाज बदलला होता त्यांचा.

"इंदाय, मला बघावं लागेल गं. काजळीखाली काय आहे ते लिहावं लागतं."

लिझेलनं मान हलवली. नाही.

"ऐक ना," रोसेल्दा म्हणाली. "त्यासाठीच आलोय ना आपण? चार दिवस झाले. जखमेत काजळी भरतेय."

"हात नको लावूस."

रोसेल्दाचा पुढे गेलेला हात हवेतच राहिला. पलीकडची बाई उठली. तिनं ओल्या रुमालांचं पाकीट आणून काउंटरवर ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. लिझेलनं एक रुमाल काढला. डोळ्याखालून हनुवटीपर्यंत एकच पट्टा पुसला. सावकाश, दात आवळून.

तेवढ्या पट्ट्यात तीन रंग होते. वरती उकडलेल्या कोळंबीसारखा लालभडक. मध्ये पांढरा, पण कागदासारखा, ज्याच्याखाली रक्त नसावं तसा. आणि जबड्यापाशी जांभळट काळा, कशानंही न पुसला जाणारा. साल निघालेल्या जागेतून पाणी झरत होतं.

वेनान्सियोंनी कॉफीचा कप बाजूला सारला. पाव तळाशी फुगून बसला होता. मग तिन्ही रंग एकेक करून लिहिले.

"आता एकच राहिलं," ते शेवटी म्हणाले. फॉर्म त्यांनी रोसेल्दाकडे फिरवला. "हे कलम. 'वापरण्यापूर्वीची त्वचा: रंग आणि स्थिती. फोटो जोडावा.' आधीचा एक फोटो हवा. नाहीतर कंपनीचा वकील म्हणेल, पोरगी आधीपासून अशीच होती."

"फोटो ढिगानं आहेत," रोसेल्दा म्हणाली. तिच्या आवाजात पुन्हा जोर आला. "थांबा."

तिनं फोन काढला. वाढदिवसाचा फोटो दाखवला. त्यात लिझेलचे गाल गुलाबी होते आणि नाकच दिसत नव्हतं.

"हा चालणार नाही. फोननं उजळवलाय."

"आमचा फोन आपोआप करतो. बंद कुठून करायचं ते माहीत नाही." बोट सरकत राहिलं. किनाऱ्यावरचा, मावशीच्या लग्नातला, डुकराच्या पिल्लाबरोबरचा. पिल्लूसुद्धा गोरं आलं होतं. "शाळेचं ओळखपत्र! ते तर स्टुडिओतलं आहे. काढ गं."

लिझेलनं गळ्यातलं ओळखपत्र उलटून धरलं. वेनान्सियोंनी ते पोरीच्या मानेशी नेऊन पाहिलं आणि मान हलवली. "स्टुडिओवाले तर सगळ्यांनाच उजळवतात. न सांगता. माझंही केलंय." त्यांनी आपलं कार्ड दाखवलं. कार्डावरचे वेनान्सियो त्यांचे धाकटे, परदेशी भाऊ वाटत होते.

"चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा घरी भिंतीवर..." म्हणता म्हणता रोसेल्दाच गप्प झाली. त्या फोटोवाल्याला तिनंच सांगितलं होतं, जरा उजळ कर म्हणून. लिझेल तेव्हा आठ वर्षांची होती.

बोट पुन्हा सरकू लागलं, वेगानं. मग एकदम थांबलं.

"हा आहे. हा साबणाच्या आधीचाच आहे. यावर लिहिलेलंच आहे."

तिनं फोन पुढे केला. एकाच चौकटीत दोन लिझेल होत्या. उजवीकडची चांदण्यासारखी गोरी, हसरी, खाली लिहिलेलं 'नंतर'. डावीकडची गडद, खांदे पाडून बसलेली, ओठ मिटलेले, खाली 'आधी'. हाच फोटो रेना पुतीच्या पत्रकांवर होता, ट्रायसिकल रिक्षांच्या पाठीवर होता, शाळेसमोरच्या टपरीवर होता. वरच्या मॅडमनी तो सगळ्या प्रांतात पाठवला होता आणि रोसेल्दाला त्याबद्दल खांद्यावरून घालायचा एक पट्टा मिळाला होता, चकाकणारा, 'महिन्याची राणी' लिहिलेला.

वेनान्सियोंनी फोन जवळ घेतला, लांब धरला. फोटोकडे पाहिलं, समोरच्या पोरीकडे पाहिलं.

"एवढी गडद होती ही? मग मानांग, अवघड आहे. वकील म्हणेल, साबणानं फरकच पडला की."

"ती काजळी आहे, सर," लिझेल म्हणाली.

"आत्ताची काजळी आहे गं. मी फोटोतली..."

"फोटोतलीच. भाताच्या टोपाची. नानायनं लावली होती." तिनं आईकडे बोट केलं.

पंखा फिरत होता. सांतो निन्योचे दिवे लाल झाले, हिरवे झाले. रोसेल्दानं फोन परत घ्यायला हात पुढे केला, पण वेनान्सियोंनी तो सोडला नाही, आणि तिनंही ओढला नाही.

त्या दिवशी परसात ऊन होतं. मॅडमनी सांगितलं होतं की फरक रस्त्याच्या पलीकडून दिसला पाहिजे. रोसेल्दानं टोपाचं बूड खरवडलं, खोबरेल तेलात बोट फिरवलं आणि पोरीच्या गालावर अगदी पातळ हात दिला, जत्रेत लावतात तसा नव्हे, खरा वाटावा असा. लिझेलला गुदगुल्या होत होत्या. ती हसत होती. "हसू नकोस," रोसेल्दा म्हणाली होती. "आधीच्या फोटोत कोणी हसत नाही."

"मग खरा फोटो?" वेनान्सियोंनी विचारलं. "एकही?"

रोसेल्दानं नकारार्थी मान हलवली.

"बरं. फोटो नसला तर आईनं लिहून दिलेलं चालतं. सहीनिशी. आईला माहीतच असतं." त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि पेन रोसेल्दाच्या बोटांत दिलं. "लिहा. कसा रंग होता, कशी कातडी होती."

रोसेल्दानं 'मो' लिहिलं. सावळीला इथे मोरेना म्हणतात.

"मोरेना नको लिहूस," लिझेल तिच्या खांद्यावरून म्हणाली. "ते डबीवर छापलंय. 'मोरेना मुलींसाठी खास.'"

रोसेल्दानं ते खोडलं. पेन कागदावर टेकवून ठेवलं. शाईचा ठिपका फुगत गेला. तिनं वळून पोरीकडे पाहिलं. आधी मानेकडे, मग कोपराकडे, मग गुडघ्यांकडे. जिथे साबण पोचला नसेल अशी एखादी जागा ती शोधत होती. तिनंच तो सगळीकडे पोचवला होता, मनगटापासून घोट्यापर्यंत, एक जागा न सोडता.

"गव्हासारखी..." तिनं सुरुवात केली आणि थांबली. गहू तिनं पिठाच्या पिशवीवरच्या चित्रात पाहिला होता, तेवढाच.

लिझेलनं काळा झालेला रुमाल घडी करून काउंटरवर ठेवला. ती आईच्या समोर आली, आई आणि फॉर्म यांच्या मध्ये. गालावरचा तो उघडा पट्टा झरत होता. तिनं तो पुसला नाही.

"तू मला आंघोळ घालायचीस. माझ्या वेण्या तू घालायचीस, रोज, तोंड हातात धरून. या फोनच्या आधीपासून."

"इंदाय..."

"यांना नको सांगूस. मला सांग. कशी होते मी, नानाय?"

रोसेल्दाच्या हातातलं पेन हललं नाही.

"सांग ना. कशी होते?"