क्रुसाला पाठ लावून

आमच्या अम्ब्रोसदादाला तीन वर्षांपासून हातभर अंतरापलीकडचं धड दिसत नव्हतं, आणि हे माझ्याशिवाय खोऱ्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघेही पाहुण्यांना शिखरावर नेणारे वाटाडे. दोराच्या पुढच्या टोकाला तो, मागच्या टोकाला मी. हिमनदीत भेग आली की मी शीळ घाली. शिखरावर रोवलेल्या क्रुसाच्या तोंडावरून दादा दिशा धरी, त्याला पाठ लावून उभा राही आणि बर्फ फोडायची कुऱ्हाड फिरवत डावीकडून एकेका डोंगराचं नाव सांगे. पाहुणे टाळ्या वाजवत.

पासष्टी गाठलेल्या वाटाड्यांची शिखरावर नजरेची परीक्षा होते. दादाच्या परीक्षेला वाटाड्यांच्या कचेरीतून एगरटरसाहेब आले. चुकला तर छातीवरचा वाटाड्याचा बिल्ला जाणार, आणि बिल्ल्याशिवाय दादा म्हणजे शेळ्या राखणारा म्हातारा.

वर लख्ख ऊन होतं. दादा क्रुसाला टेकला.

"समोर मॅटरहॉर्न!"

समोर नुसतं आभाळ होतं. जुना क्रूस विजेने फोडला, म्हणून जूनमध्ये गावकऱ्यांनी मिळून नवा रोवला होता, आणि चर्चच्या दारातून बायकांना नीट दिसावा म्हणून त्याचं तोंड मीच हट्टाने गावाकडे वळवलं होतं. दादा त्यानंतर आजच वर आला होता.

दादा मात्र सुसाट. "हा डोम! हा वाइसहॉर्न! काय साहेब?"

"वा, सुंदर!"

मी वाकून पाहिलं. साहेबांनी क्रुसाला घट्ट मिठी मारली होती आणि डोळे गच्च मिटले होते.

"पास! पास! चला आता खाली!"

"जरा दम खा, साहेब," म्हणत मी दादाच्या कानाशी लागलो. "दादा, क्रूस फिरलाय. मीच फिरवला."

"गाढवा! मग डोम कुठे ठेवला मी?"

"इटलीत."

तो खो खो हसला. मग म्हणाला, "खरं काय दिसतंय ते सांग."

"डोंगर." इतकी वर्षं मी त्याच्या टाचा आणि दोरच पाहिला होता, नावं त्याच्या वाटणीची.

"आकार सांग, मूर्खा!"

"एकटाच उभाय. मान वाकडी."

"मॅटरहॉर्न," तो हळूच म्हणाला.

मी आकार सांगायचा, त्याने नाव, असा सगळ्या डोंगरांचा पूर्ण फेरा झाला. मला रडू आलं, त्यालाही. त्याने बिल्ला काढून माझ्या हातात दिला.

"साहेबांना दे, त्यांनी डोळे उघडले की. उद्यापासून पुढे तू. मी मागून नावं सांगीन, फुकट."