ताईच्या घामातलं मीठ

बाथरूममध्ये एक निळा टब, डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन, बुचाच्या दोन बाटल्या, एक वजनकाटा, एक टॉवेल आणि घामाने निथळणारी ताई होती. ताईला कपड्यांसकट टबात उभं करून धाकटीने तिच्यावर अख्खा कॅन ओतला.

"हळू की गं, गार आहे."

"बाहेर सांडू नकोस. एकेक थेंब मोलाचा आहे."

"माझा घाम आणि तुझा रुबाब."

मग जर्सी, चड्डी आणि टॉवेल त्याच पाण्यात खळबळून पिळले आणि ते पाणी दोन बाटल्यांत भरून घेतलं.

ताई वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत उतरायची. मागच्या दोन्ही निवड चाचण्यांत चौदाव्या किलोमीटरला तिला उलटी झाली होती. शेवटची चाचणी नऊ दिवसांवर आली होती. एक तास अडतीस मिनिटांच्या आत आली तर संघात, नाहीतर घरी. तिची काळी जर्सी वाळली की पांढरीफटक पडते, म्हणून अंगातलं मीठ निघून जातं, असं तिच्या प्रशिक्षक सरांचं ठाम मत होतं. अर्ध्या लिटर पाण्यात दीड चमचा मीठ, असा त्यांचा उतारा. ताई डोळे मिटून ते घशाखाली ढकलायची. पण किती मीठ जातं हे कुणीच मोजलं नव्हतं, आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेल्या धाकटीला हे काही केल्या पटेना.

टबाआधीच्या तासभराच्या चालीत ताईचं वजन ५४.६ किलोवरून ५३.८ वर आलं होतं, मधे ३०० मिली पाणी प्यालेलं. म्हणजे घाम १.१ लिटर. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या यंत्राने एका बाटलीतलं सोडियम मोजलं, आणि हिशेबाअंती आकडा आला: घामाच्या लिटरमागे ३२७० मिलिग्रॅम.

"बघ, सरांचंच खरं. उद्यापासून दोन चमचे," ताई म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

धाकटीच्या डोक्यातून मात्र तो आकडा जाईना. समुद्राच्या पाण्यात असतं त्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि तेही माणसाच्या अंगातून? उरलेल्या बाटलीत तिने पीएचची पट्टी बुडवली. घाम किंचित आम्लधर्मी असतो. पट्टी निळीशार झाली. दहा, म्हणजे चक्क अल्कधर्मी.

ती तडक घरी आली. बाबा मोठ्या धुलाई केंद्रातून निवृत्त झालेले; घरचे कपडे कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"बाबा, ताईचे कपडे कशात धुता?"

"धुण्याच्या सोड्यात. घामाचा वास काय साबणाला दाद देतो?"

"आणि किती पाण्यातून काढता?"

"एका. पाणी काय फुकट येतं? का, वास येतो की काय?"

"वास नाही येत. सोडा येतो."

"कुठे?"

"माझ्या आकड्यात. पांढरं पडतं त्यातही तोच असणार. सोड्यातही सोडियमच असतं ना."

"म्हणजे पोरीने इतके दिवस माझ्या सोड्यापायी मीठ प्यायलं?"

"तुमच्या नाही, न मोजल्यापायी."

बाबा उठले. कपडे त्यांनी स्वतः तीनदा डिस्टिल्ड वॉटरमधून काढले. धाकटीने तिसरं पाणी तपासलं, त्यात सोडियम नावापुरतंच होतं. मग पुन्हा तासभर चाल, पुन्हा टब, पुन्हा ताईची कुरकुर. घाम तेवढाच, १.१ लिटर. सोडियम लिटरमागे ९०० मिलिग्रॅम: चारचौघांसारखंच.

ताईने तो कागद दोनदा वाचला. "मग मला मळमळत होतं ते?"

"मिठानेच, बहुतेक. ते खरं का ते चाचणीत कळेल."

सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला, धाकटीला चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "तुझ्या जबाबदारीवर हां."

चाचणीच्या बाटल्या धाकटीने स्वतः भरल्या, अर्ध्या लिटरला पाऊण ग्रॅम मीठ, सरांच्या दीड चमच्याचा जेमतेम बारावा हिस्सा. चौदाव्या किलोमीटरला ती मार्गाकडेच्या दोरीपाशी उभी होती. ताई समोरून गेली, घोट घेतला, बाटली टाकली आणि चालत राहिली.

वेळ: एक तास छत्तीस मिनिटं एकेचाळीस सेकंद.