तारांखालचे पिवळे दुपटे

१९६१ च्या मार्चमध्ये क्लीव्ह ग्रिग्ज यांच्या घरी व्हर्लीन जन्मली. ती आठ दिवसांची असताना क्लीव्ह तिच्यासाठी पाळणा आणायला बर्मिंगहॅमला गेले आणि मला घेऊन आले. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या हॉलिस बेंड गावात मी आले ती अशी, पाळण्याच्या जागी.

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे. मला चारच तारा आहेत आणि त्या जाड आहेत. माझा आवाज खालचा. गाणे ऐकताना तो पुष्कळांना कळतही नाही, पण मी थांबले तर गाण्याखालची जमीन गेल्यासारखी वाटते.

दारातच क्लीव्हच्या बायकोने, लुव्हेनियाबाईंनी, मला पाहिले.

"हा पाळणा आहे?" त्यांनी विचारले.

"हिच्याबरोबर पेटी मिळालीय," क्लीव्ह म्हणाले. "आतून मखमल आहे बघ."

"बरं. म्हणजे मुलगी पेटीत झोपेल. आणि तू कुठे झोपणार?"

पाच महिने व्हर्लीन खरोखरच माझ्या पेटीत झोपली आणि मी खुर्चीवर बसून राहिले. म्हणून मी तिला माझी बहीण मानते. क्लीव्ह सकाळी लाकडाच्या गिरणीत काम करत आणि घरी आले की वाजवायला बसत. त्यामुळे मुलगी जागी होऊन रडू लागे. एके दिवशी लुव्हेनियाबाईंनी तिचे पिवळे दुपटे घेतले, कात्रीने त्याचा एक कोपरा कापला, दोन घड्या घातल्या आणि माझ्या तारांखाली, जिथे तारा संपतात तिथे, दाबून बसवला.

"आता वाजव किती वाजवायचं ते," त्या म्हणाल्या.

त्या कापडाने माझा आवाज बदलला. तो लांबेनासा झाला. उशीवर मूठ आपटावी तसा गोल, आखूड ठोका येऊ लागला आणि लगेच विरू लागला. व्हर्लीन झोपून राहिली. क्लीव्हनी मान वाकवून तोच ठोका पुन्हा पुन्हा ऐकला. ते कापड त्यांनी पुढे कधीच काढले नाही. माझ्या ताराही त्यांनी कधी बदलल्या नाहीत. आमच्याकडच्या जुन्या बासवाल्यांची ती रीतच होती. तार मुरली की बोलते, असे ते म्हणत.

गावात नदीकाठी बियाण्यांचे एक रिकामे गोदाम होते. एका माणसाने त्याच्या भिंतींना गोधड्या ठोकून तिथे गाणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. क्लीव्हना तिथे बोलावणे येऊ लागले. ते दोन खोल्यांच्या मधल्या दारात खुर्ची टाकून बसत, कारण उन्हाळ्यात वारा तेवढ्याच जागी येई. बाकीचे वादक कागदावर लिहिलेले सुरांचे आकडे पाहून वाजवत. क्लीव्हना वाचता येत नव्हते. ते गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत.

तिथेच मी दोघांना पाहिले. आज त्या दोघांची नावे तुम्ही गावाच्या वेशीवर, टपाल कचेरीत, शाळेच्या भिंतीवर वाचू शकता.

पहिला होल्ट कॅन्ट्रेल. डोंगराकडचा, गोरा, सहा फूट उंच, डोक्यावर पांढरी मोठी टोपी. तो कंट्री गाणी गाई. आईची गाणी, सोडलेल्या घराची गाणी, परत न आलेल्या पत्राची गाणी. त्याच्या गाण्यात मला दोनच ठोके असत आणि मध्ये पुष्कळ मोकळी जागा. "त्या मोकळ्या जागेत मी रडतो, क्लीव्ह," तो म्हणायचा. "तिथे पाय ठेवू नकोस."

गोदामासमोरच्या खाणावळीत तेव्हा काळ्या माणसांना, म्हणून क्लीव्हनाही, बसून जेवता येत नव्हते. पहिल्याच दिवशी होल्ट आत गेला, तळलेल्या माशाचे दोन पुडे घेऊन बाहेर आला आणि गोदामाच्या पायरीवर क्लीव्हशेजारी बसला. मासा खाऊन क्लीव्ह तसेच तेलकट हातांनी वाजवायला बसले. ते तेल माझ्या तारांत गेले. पुढे कितीतरी वर्षे जात राहिले.

दुसरा एझेल पिंकनी. आमच्याच गल्लीतला, पाद्र्याचा मुलगा. लहानपणी चर्चच्या बाकांवर ठेका धरला म्हणून मार खाल्लेला. तो फंक करी, म्हणजे पायांना नाचवणारे संगीत. त्याच्या गाण्यात शब्द थोडे आणि ठेका फार. पहिला ठोका अचूक पडला नाही तर तो गाणे थांबवून मागे वळून माझ्याकडे बघे. "काका, पहिला माझा," तो म्हणे. "बाकीचे तीन तुम्ही कोणालाही वाटा."

एकदा गिरणीला सुट्टी होती तेव्हा सकाळी होल्टचे काम होते आणि दुपारी एझेलचे. सरबताच्या बाटल्यांच्या पेटीपाशी दोघांची गाठ पडली.

"क्लीव्हला दमवू नकोस," होल्ट म्हणाला. "उद्या मला लागणार आहे."

"तुमच्याकडे तर ते झोपेतही वाजवतात, मिस्टर कॅन्ट्रेल. दमायला माझ्याकडेच येतात."

"झोपेत वाजवून दाखव तू."

"तुमची गाणी ऐकून झोप आली की वाजवतो."

होल्ट इतका हसला की त्याची टोपी पडली. क्लीव्ह दारातून म्हणाले, "आधी दोघंही सुरात गा. मी कुठं जात नाही." त्या दिवशी सकाळी आणि दुपारी जी दोन गाणी ध्वनिमुद्रित झाली, ती पुढे देशभर गाजली. तीच खुर्ची, तीच बोटे आणि तेच पिवळे कापड.

मित्रांनो, क्लीव्ह चाळीस वर्षांचे झाल्यावर वाचायला शिकले. त्यांना आठ वर्षांच्या व्हर्लीनने शिकवले. जेवण झाले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती अक्षर काढायची आणि ते त्याच्यावर बोट फिरवायचे. मी कोपऱ्यात असायची. ऐकून ऐकून मलाही अक्षरे कळू लागली.

वर्ष दीड वर्षात ते सावकाश वाचू लागले. मग एक दिवस त्यांनी कपाटातून रेकॉर्ड काढल्या. होल्टच्याही काढल्या आणि एझेलच्याही. त्यांच्यावर आपले नाव असणारच असे इतकी वर्षे ते धरून चालले होते. एकेक कव्हर उलटे करून ते बोटाने ओळ न ओळ वाचत गेले. गाणाऱ्याचे नाव होते. फोटो काढणाऱ्याचे होते. होल्टच्या कव्हरवर खाली बारीक अक्षरांत, टोपी कोणी शिवली तेही होते.

"व्हर्लीन, हे काय आहे? टोपी?"

"हो डॅडी. टोपी शिवणाऱ्याचं नाव आहे."

"आणि माझं?"

तिने पुन्हा सगळे वाचून पाहिले. मग ती त्यांच्या मांडीवर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी क्लीव्हनी गोदामाच्या मालकाला विचारले. कव्हरवर जागा नव्हती, असे तो म्हणाला. तेव्हा वादकांची नावे छापण्याची पद्धतच फारशी नव्हती. क्लीव्ह रागावले नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी नवी रेकॉर्ड घरी आणणे बंद केले.

दिवस बदलले. बासचा आवाज यंत्रातून काढता येऊ लागला. गोदाम बंद पडले. मी रविवारी चर्चमध्ये वाजत असे. मग क्लीव्हची बोटे आखडली आणि मी भिंतीवर टांगली गेले. लुव्हेनियाबाई गेल्या. होल्ट गेला तेव्हा गाड्यांची रांग नदीच्या पुलापर्यंत लागली होती. पाच वर्षांनी एझेल गेला तेव्हा चर्चमध्ये जागा पुरली नाही, आणि बाहेर रस्त्यावर उभे असलेले लोक तासभर टाळ्यांनी ठेका देत राहिले.

तेव्हापासून गावाला एकच वाद पुरतो: दोघांत मोठा कोण? मला विचाराल तर मी एवढेच सांगेन. होल्टची गाणी लोकांना शब्दांसकट पाठ आहेत. ट्रक चालवणारा माणूस ती एकट्याने म्हणतो आणि कडव्याच्या शेवटी गप्प होतो. एझेलचे शब्द कोणाला आठवत नाहीत. पण त्याचा ठेका नव्या मुलांनी कापून आपल्या गाण्यांत जोडला आहे, आणि ज्या पोराने एझेलचे नावही ऐकलेले नाही त्याचे खांदे त्या ठेक्यावर हलतात. एकाचे नाव राहिले आणि दुसऱ्याचा ठेका राहिला. त्या दोन्हींच्या खाली वाजत होतो ते आम्ही. पण आमच्याबद्दल वाद घालायला कोणाला काही ठाऊकच नव्हते.

गावाने त्याच गोदामात संग्रहालय केले. एक खोली होल्टची, एक एझेलची. २०२२ साली तिथल्या मिस हेनी घरी आल्या. कॉर्लिस हेनी, चाळिशीच्या, फार नीटनेटक्या. त्यांनी मला मागितले.

"देते," व्हर्लीन म्हणाली. ती आता एकसष्ट वर्षांची होती. "पण पाटीवर डॅडींचं नाव पाहिजे. दोन्ही गाण्यांना त्यांनी वाजवलंय, असं."

"मिस व्हर्लीन, माझा विश्वास आहे. पण कागद लागतो. कव्हरवर नाव नाही, मालकाच्या वहीत नाही. मी उद्या लिहिलं आणि कोणी विचारलं, तर काय दाखवू?"

"डॅडी दाखवतील. चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत, पण आहेत."

"त्यांना घेऊन या. तोवर मी हिला नीट करून ठेवते," असे म्हणून मिस हेनी मला घेऊन गेल्या.

त्यांनी मला खरोखर प्रेमाने नीट केले. हातमोजे घालून चार दिवस पुसले. एकसष्ट वर्षे मुरलेल्या तारा काढल्या आणि नव्या चकचकीत तारा लावल्या. तारांखाली एक काळपट चिंधी सापडली, ती चिमट्याने उचलून टाकून दिली. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

आठवड्याने व्हर्लीन आली. तिने माझ्याकडे पाहिले आणि तारांखाली बोट घातले.

"माझं दुपटं कुठंय?"

"कुठलं दुपटं?"

"इथलं. पिवळं होतं."

मिस हेनींचा चेहरा उतरला. "ती चिंधी? ती तर... मंगळवारी कचऱ्याची गाडी येऊन गेली."

व्हर्लीनने एक तार छेडली. घंटेसारखा लांब आवाज निघाला. तो माझा नव्हता. ज्या आवाजावरून क्लीव्हची ओळख पटायची, तोच मी घालवून बसले होते. व्हर्लीन एवढेच म्हणाली, "तुम्ही फार स्वच्छ आहात, मिस हेनी," आणि निघून गेली.

दोन दिवसांनी सकाळी दहा वाजता ती चाकांच्या खुर्चीतून क्लीव्हना घेऊन आली. तिच्या पिशवीत दोन गोष्टी होत्या. एक, तळलेल्या माशाचा पुडा. दुसरी, कोपरा कापलेले पिवळे दुपटे. लुव्हेनियाबाईंनी ते जपून ठेवले होते. व्हर्लीनने कात्री काढली, दुसरा कोपरा कापला आणि दोन घड्या घालून माझ्या तारांखाली दाबून बसवला.

क्लीव्हनी सावकाश मासा खाल्ला. मिस हेनींनी सवयीने पांढरे हातमोजे पुढे केले.

"हे घालून कोण वाजवतं, बाळा?" क्लीव्ह म्हणाले. "ठेव ते, तुला भांडी घासायला होतील."

त्यांनी मला मांडीवर घेतले. आधी मिस हेनींनी होल्टची रेकॉर्ड लावली. क्लीव्हची आखडलेली बोटे हलली. दोन ठोके, मध्ये मोकळी जागा. त्या जागेत त्यांनी पाय ठेवला नाही. मग एझेलची रेकॉर्ड लावली. पहिला ठोका जिथे पडायचा तिथेच पडला. नव्या तारा अजून जरा उघड्या आवाजात बोलत होत्या. पण कापड आपले काम करत होते, आणि रेकॉर्डमधला ठोका आणि मांडीवरचा ठोका एकमेकांत असे मिसळले की एक कुठे संपतो ते कळेना.

मिस हेनींनी रेकॉर्ड बंद केली. त्यांनी हातमोजे घडी करून खिशात घातले.

"दोन्हीकडे तुम्हीच," त्या म्हणाल्या. "आणि मी त्या तारा फेकल्या."

"तारा होत्या त्या," क्लीव्ह म्हणाले. "नव्यांनाही मुरू दे."

"हिला कोणत्या खोलीत ठेवू, मिस्टर ग्रिग्ज? दोन्ही खोल्यांवरून भांडण होणार."

क्लीव्हनी मधल्या दाराकडे बोट केले. तिथे लाकडी जमिनीवर चार खळगे होते. ते कसले, हे संग्रहालयात कोणालाच ठाऊक नव्हते. "तिथं," ते म्हणाले. "वारा येतो तिथं."

आता मी तिथेच आहे, त्या चार खळग्यांवर. पाटी तयार झाली तेव्हा लावण्याआधी व्हर्लीन ती घरी घेऊन गेली. ती दर रविवारी मला भेटायला येते, तिनेच मला हे सांगितले. क्लीव्हनी पाटी मांडीवर घेतली आणि एकेका अक्षराखाली बोट धरून वाचली. आपले नाव त्यांनी दोनदा वाचले. मग विचारले, "आणि टोपी शिवणाऱ्याचं? त्याचंही असू द्या."

मित्रांनो, तुमच्याकडे कोणी जुनी वस्तू दिली तर तिला पुसण्याआधी तिच्या माणसाला विचारा. तुम्हाला जी घाण वाटते, तो कदाचित तिचा आवाज असेल. आणि एखादे गाणे आवडले, तर ते खालून कोणी उचलून धरले आहे, तेही एकदा विचारा. असे विचारायला फार वेळ लागत नाही.

क्लीव्ह ग्रिग्ज १४ फेब्रुवारी २०२३ रोजी, मंगळवारी सकाळी, आपल्या घरी वारले. ते चौऱ्याण्णव वर्षांचे होते.