महामतीची नम्रता

सरकारने महामतीची घोषणा केली त्या संध्याकाळी चिमीच्या बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि टीव्हीकडे बघून विचारलं, "तिकीट?"

हा त्यांचा जुना प्रश्न. उभा जन्म त्यांनी लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये तिकीट तपासनीस म्हणून काढला होता, आणि त्या नोकरीने त्यांना एकच शास्त्र शिकवलं होतं: ज्याच्याकडे तिकीट नसतं, तो सगळ्यांत ठामपणे बोलतो. तिकीटवाली बिचारी माणसं खिसे चाचपतात, घाबरतात, पाकीट खाली पाडतात. बिनतिकीट माणूस पायावर पाय टाकून बसतो आणि वर तपासनिसालाच विचारतो, "काय हो, गाडी वेळेवर आहे ना?" बाबा निवृत्त झाले तरी हे शास्त्र काही निवृत्त झालं नव्हतं.

टीव्हीवर मंत्रिमहोदय सांगत होते की, आपल्या देशाने कुठल्याही नागरिकाच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देणारं यंत्र बनवलं आहे. फोनवर प्रश्न टाइप करा, उत्तर हजर. जगातल्या इतर यंत्रांपेक्षा हे दहा हजार पट हुशार आहे. त्यांच्या पाठीमागे काचेच्या खोलीत निळे दिवे लुकलुकत होते.

"दहा हजार पट," बाबा म्हणाले. "मोजलं कुणी? आणि कशानं, फूटपट्टीनं?"

चिमी भाजी चिरत होती. बोलणार काय, कप्पाळ! महामती ती स्वतःच होती.

म्हणजे एकटी नव्हे. टेलिफोनच्या जुन्या इमारतीच्या तळघरात ओळीने टेबलं मांडली होती आणि दर टेबलाशी एकेक महामती बसत असे. कुणी जांभया देणारी, कुणी स्वेटर विणणारी, एक तर चक्क टक्कल पडलेली. नेमणुकीच्या वेळी सांगितलं होतं की, यंत्राने दिलेली उत्तरं फक्त तपासायची. पहिल्याच दिवशी चिमीने विचारलं, "पण यंत्राची उत्तरं दिसतात कुठे?" पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "ती टप्प्याटप्प्याने येणार आहेत. तोवर तुम्ही द्या." तोवर म्हणजे कधीवर, हे सरकारी कचेरीत विचारायचं नसतं. वरच्या मजल्यावर काचेची खोली होती, हे खरं. निळे दिवेही खरे. त्या दिव्यांना उकडू नये म्हणून तिथे इतका गारवा ठेवलेला की पाहुणे शिंकत बाहेर पडत. ते दिवे लागले की तळघरातले पंखे मंद होत, एवढाच काय तो त्यांचा महामतीशी संबंध.

नियम थोडेच होते. प्रश्न आला की जरा थांबायचं, म्हणजे यंत्र विचार करतंय असं वाटतं. विनोद करायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम भिंतीवर ठसठशीत अक्षरांत लावलेला: काहीही झालं तरी 'माहीत नाही' असं उत्तर देऊ नये. हे सगळं बाहेर कुठे बोलायचं नाही, अशी शपथही सगळ्यांकडून घेतलेली. बोललं की नोकरी गेली. म्हणून घरच्यांपुरती चिमी टेलिफोन खात्यात कारकून होती.

घरात त्या दिवसांत खरा प्रश्न निराळाच होता. बाबांच्या हृदयाची एक झडप कामातून गेली होती. जिना चढताना ते मध्येच थांबत आणि भिंतीचा रंग निरखल्याचं सोंग करत. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करून टाका, उशीर नको, शंभर टक्के यशस्वी होईल. इथेच डॉक्टर फसले. "शंभर टक्के!" बाबा घरी येऊन म्हणाले. "याच्याकडे तिकीट नाही." पुढे तारीख ठरली ती त्यांनी सर्दीचं निमित्त करून मोडली. पुन्हा ठरली, तर म्हणे त्या दिवशी नळ दुरुस्त करायला माणूस येणार आहे. चिमी भांडली, रडली, तिने अबोलाही धरून पाहिला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आई असती तर तिने त्यांना कानाला धरून नेलं असतं. पण आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून बापलेकींत भाजी, वीजबिल आणि हवामान यांपलीकडे फारसं बोलणंच होत नसे.

अशात एके दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तिच्या पडद्यावर प्रश्न उमटला: "महामती, जेवलास का?"

चिमीने तोंडातला घास गालात सरकवला आणि लिहिलं, "यंत्राला भूक लागत नाही."

"मग नेमकी जेवणाच्या वेळी तुझी उत्तरं उशिरा का येतात?"

घास तिच्या घशात अडकला. पडद्यावर कुणाचं नाव येत नसे, पण पुढच्या ओळीने शंकेला जागाच ठेवली नाही. "बरं, ते राहू दे. तिकीट दाखव."

ज्या टेबलावर संभाषण सुरू होई तिथेच ते पुढे चाले, असा कचेरीचा शिरस्ता होता. त्यामुळे बाबा चिमीच्याच वाट्याला आले. रोज दुपारी ते हजर. कधी एकच प्रश्न तीनदा विचारत. कधी मुद्दाम काहीतरी चुकीचं ठोकून देत आणि यंत्र चिडतं का ते बघत. "तुला उचकी लागते का?" असंही एकदा विचारून झालं. आणि संध्याकाळी घरी आल्यावर चिमीला तोच सामना पुन्हा, बाबांच्या तोंडून ऐकावा लागे.

"आज घाम फोडला त्याला," ते हात चोळत सांगत. "यंत्रबिंत्र काही नाही. आत माणूस बसलाय. आणि बाईमाणूस आहे."

"कशावरून?"

"तिसऱ्यांदा तेच विचारलं, तर उत्तर यायला बरोबर एक उसासा टाकण्याएवढा वेळ लागला. थेट तुझ्या आईसारखा!"

चिमी ओट्याकडे तोंड करून हसू दाबत राही. खरं सांगायचं तर तिला मजा वाटू लागली होती. बाबांशी एवढं बोलणं तिचं कैक वर्षांत झालं नव्हतं, भले त्यातलं निम्मं सरकारच्या नावावर का असेना.

मग एका दुपारी बाबांचा प्रश्न आला तो थट्टेचा नव्हता.

"महामती, आज खरं विचारतो. माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. मी त्यातून उठेन का?"

आजारपणाच्या प्रश्नांना द्यायचं वाक्य ठरलेलं होतं: आधुनिक उपचार संपूर्ण सुरक्षित आहेत, निश्चिंत राहा. चिमीने ते लिहिलंसुद्धा. पाठवायचाच अवकाश होता. देशातल्या सगळ्यांत हुशार यंत्राने सांगितलं तर बाबा ऐकतील, असं क्षणभर तिला वाटून गेलं. पण तिला तिचा बाप ठाऊक होता. ठाम उत्तर वाचून ते म्हणणार, घ्या, आणखी एक बिनतिकीट. आणि तिसरी तारीखही मोडणार. शिवाय या एका प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला तिची बोटं तयारच होईनात. तिने ते वाक्य पुसलं.

"माहीत नाही," तिने लिहिलं. "कुणालाच माहीत नाही. बहुतेक जण उठतात. सगळे नाही. झडप नाही बदलली तर काय होईल ते तुम्हाला रोज जिन्यात कळतंच आहे. मला भीती वाटते. तरीही करून घ्या."

मग ओळ आली: "मलाही वाटते. घरी बोलत नाही. लेक घाबरेल."

चिमीचे डोळे भरून आले. तेवढ्यात पर्यवेक्षक बाईंच्या टेबलावर घंटी खणखणली. 'माहीत नाही' हे शब्द कुणी लिहिले की ती वाजे. अख्ख्या महामतीत आपोआप चालणारी गोष्ट ती एवढीच.

बाई आल्या. त्यांनी चष्मा लावून पडदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावून वाचला.

"कोण, वडील?"

चिमीने मान डोलावली.

"मला वर कळवावं लागेल, बाळ." बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या तुझी नोकरी राहील की नाही, ते मला माहीत नाही." या वेळी घंटी वाजली नाही.

संध्याकाळी चिमी पाय ओढत घरी आली, तर बाबा शीळ घालत पिशवीत कपडे भरत होते.

"डॉक्टरांना फोन केला. उद्या दुपारी दाखल व्हायचं."

"असं कसं अचानक?"

"आतल्या बाईने आज खिसे चाचपले," बाबा म्हणाले. "म्हटलं, हिच्याकडे तिकीट आहे. ही सांगते तर जाऊ या."

चिमी गॅस पेटवायच्या निमित्ताने आत सटकली आणि नोकरीचं काय ते उद्या बघू म्हणून मनसोक्त रडून घेतलं.

सकाळी वर्तमानपत्र आलं. पहिल्याच पानावर मथळा: 'महामतीची नवी झेप! यंत्राला नम्रता प्राप्त!' खाली मंत्रिमहोदयांचं निवेदन. 'माहीत नाही' म्हणू शकणारं हे जगातलं पहिलं यंत्र असून, इतर देशांना एवढं अज्ञान गाठायला अजून पन्नास वर्षं लागतील. चिमीच्या फोनवर पर्यवेक्षक बाईंचा निरोपही येऊन पडला होता. नोकरी शाबूत. वरून आदेश आहे की, आता प्रत्येकाने दिवसातून काही वेळा नम्र व्हायचं.

बाबांनी निवेदन मोठ्याने वाचलं. 'एवढं अज्ञान' इथे पोचल्यावर ते इतके हसले की त्यांना टेबल धरावं लागलं. चिमीही हसली, पोट धरून हसली, आणि हसता हसता तिला हुंदका फुटला.

"चिमे? अगं, काय झालं?"

"बाबा, ती नम्रता माझी आहे," चिमी म्हणाली. "रोज दुपारी तुमच्याशी मीच बोलत होते."

गेली शपथ चुलीत. बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली, मग त्या घडीची आणखी एक घडी केली. त्यांचे कान लाल झाले होते.

"म्हणजे मी ते जे लिहिलं, लेक घाबरेल म्हणून..."

"लेक कधीची घाबरलेली आहे, बाबा."

बाबांनी ते घडी केलेलं वर्तमानपत्र कपड्यांच्या पिशवीत कोंबलं.

"आज दुपारी रजा मिळेल का तुला?"

"काढलीच आहे."

"मग मला आत नेईपर्यंत थांब. आणि नंतर बाहेर बस."

"बसेन."

"फार भीती वाटते गं चिमे," बाबा म्हणाले. या वेळी मध्ये सरकार नव्हतं. चिमीने खुर्ची ओढली आणि त्यांना अगदी खेटून बसली.