शफीभाईच्या दातांतली सुई

हेमराजच्या आवाजाला घाबरत नाही असा माणूस त्या तालुक्यात नव्हता, कारण तो आवाज आला म्हणजे गावाजवळ काहीतरी आलेलं असायचं.

लिलावात घेतलेल्या जुन्या पेट्रोल जीपवर भोंगा बांधून तो गावोगावी वनखात्याच्या सावधानतेच्या सूचना वाजवायचा. आधी फक्त वाघाच्या होत्या: एकटे फिरू नका, वाघ दिसल्यास पळू नका, जोरजोरात ओरडा. मग छत्तीसगडाकडून हत्ती उतरले आणि नवी सूचना आली: हत्ती दिसल्यास ओरडू नका, आवाज करू नका, श्वाससुद्धा बेतानं घ्या. श्वासाचं हेमराजनं आपल्या मनानं घातलं होतं. दोन्ही सूचना त्याच्याच आवाजात, एकीमागून एक वाजत. कोणती कधी पाळायची, हे लोकांनी जनावर बघून ठरवायचं होतं. जनावर आधी दिसेल, हे गृहीत धरलेलं होतं.

मुलचेऱ्याकडच्या जंगलरस्त्यावर, उन्हं उतरताना, जीप आचके देऊन बंद पडली. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरमधून पेट्रोल टपटपत होतं, आणि खाली सायलेन्सरचा तापलेला पाईप. सोबत गोंडपिपरीचा मिस्त्री शफीभाई होता. हीच गळती त्यानं सकाळी दुरुस्त केली होती, आणि खात्री असावी म्हणून हेमराजनं त्याला गाडीत घातलं होतं. खात्री झाली.

"सकाळी त म्हनत होता, आता पाहाचं काम नाई."

"कार्बोरेटरचं म्हनलो मी, तुमच्या टाकीतल्या कचऱ्याचं नाई," शफी म्हणाला. "आतमंदी सुई अडकली. पेट्रोल रोकाचं काम तिचं हाय. पान्याचे दोन टोले हानतो, सुटते."

"टोले नको!"

"काऊन?"

"हत्ती असला त?"

"अन् वाघ असला त? आवाज करा लागते म्हनून तुमीच सांगता ना भोंग्यावर."

"मी दोन्ही सांगतो."

"मंग आता एक सांगा."

एवढ्यात उजवीकडच्या बांबूत काहीतरी कडकन मोडलं.

"माकड असन," शफी म्हणाला. माकडावर दोघांचाही विश्वास बसला नाही.

टोले रद्द झाले. पाईप निवेपर्यंत दोघांनी वाट पाहिली. मग शफीनं एकेक स्क्रू अलगद काढून कार्बोरेटरचं झाकण उचललं आणि सुई बाहेर काढली. अर्ध्या आगकाडीएवढी वस्तू. ती फुंकून, पुसून, हात मोकळे हवेत म्हणून त्यानं दातांत धरली. पाचोळ्यात पडली असती तर सापडली नसती, आणि सापडली नसती तर रात्र इथंच होती.

हेमराज बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला, शफीच्या समोर, बांबूकडे तोंड करून पहारा देत होता. शफीनं सहज मान वर केली. त्याचे डोळे हेमराजच्या खांद्यावरून पलीकडे गेले आणि तिथंच राहिले.

"काय हाय?" हेमराज कुजबुजला.

"अँ," शफी म्हणाला. दातांत सुई धरून माणूस एवढंच म्हणू शकतो.

"वाघ?"

"अँ."

"हत्ती?"

"अँ."

शफीनं हात वर केला. तो असा थरथरत होता की पंजा दाखवतोय की सोंड, काही कळेना.

हेमराज वळला नाही. अचानक हालचाल करू नका, या एका मुद्द्यावर दोन्ही सूचनांचं एकमत होतं. मागे पाचोळा वाजला नाही, नुसता दबला. वाघाचं पाऊल वाजत नाही म्हणतात. हत्तीचंही वाजत नाही म्हणतात. त्याच्या मानेवरचा घाम एकदम गार झाला. ओरडावं तर हत्ती तुडवणार, गप्प राहावं तर वाघ याच मानेला धरणार. शेवटी त्यानं ठरवलं, ओरडायचं. हत्ती जिल्ह्यात नवा, वाघ जुना, मान जुन्याचा.

त्यानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. हवासुद्धा आली नाही.

त्याच्या कानाजवळून एक राखाडी भिंत सरकू लागली. ती संपेचना. जीप एका अंगाला कलली, स्प्रिंगा कुरकुरल्या, जीप पुन्हा सरळ झाली. हत्तीण रस्ता ओलांडून बांबूत शिरली, आणि आतून बारीक, चिरका आवाज आला. पिल्लू. म्हणजे इतका वेळ ते दोघं आई आणि लेकराच्या मधोमध उभे होते.

शफीनं सुई बसवली. घाईघाईत झाकण त्यानं दोनच स्क्रूंवर आवळलं आणि उरलेले खिशात टाकले. दोघं आत बसले. हेमराजनं किल्ली फिरवली, इंजिन लागलं. टपटप थांबली होती.

"बरे चूप राह्यले भाऊ तुमी," शफी हळूच म्हणाला. "तुमी ओरडले असते त खलास होतो आपन."

"चाल," असं म्हणायला हेमराजनं तोंड उघडलं, आणि घशात अडकून बसलेली मघाची आरोळी आत्ता निघाली. लांबलचक, भोंग्याशिवाय, जंगलभर. बांबूतली मोडतोड एकदम थांबली.

शफीनं पेट्रोलनं माखलेला पंजा त्याच्या तोंडावर दाबला.

"चालवा," तो म्हणाला.

हेमराजनं क्लच एकदम सोडला. जीप बेडकासारख्या उड्या मारत निघाली. मुलचेऱ्याचे दिवे दिसेपर्यंत शफीनं पंजा काढला नाही, आणि हेमराजनंही काढ म्हणून खूण केली नाही.