रिकाम्या नळीतले आकडे

"पापुद्रा घातलाच नव्हता गं मी. नुसती रिकामी नळी, तरी आकडे तेवढेच!" आई जेवता जेवता सांगत होती.

तिच्या नखांत भोपळ्याच्या कोंबांचा पिवळट चीक होता. मला शिसारी आली. "आधी हात धू नीट."

"दोनदा धुतलेत. आता कातडीच निघेल. मग त्या कातडीवरच करा म्हणावं प्रयोग!"

एकतीस वर्षं ती प्रयोगशाळेत अंधारात वाढवलेले कोंब कापायची, बर्फात वाटायची, यंत्रात गरगरवून पेशींचे पापुद्रे नळीच्या तळाशी बसवायची. वाढीच्या संप्रेरकाची वाट अडवणारं एक रसायन त्या पापुद्र्याला चिकटतं, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सिद्ध करायचं होतं. रसायनाला किरणोत्सारी खूण होती. जितकं चिकटेल तितका आकडा मोठा. आईचं म्हणणं, ते प्लॅस्टिकच्या नळीलाच चिकटतंय. सरांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "नळीला काही झालेलं नाही, बाई. तुमचे हात घाण आहेत."

"तू सांग, असतात का माझे हात घाण?" आईने विचारलं.

मी ताट उचलून उठले. "सर शिकलेले आहेत, आई. कशाला वाद घालतेस? आणि हात धूच."

ती उठली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बर्फ फोडताना ती कोसळली, ती उठलीच नाही.

शोकसभा प्रयोगशाळेच्या त्याच खोलीत झाली. कुजक्या कोंबांच्या बादलीवर कुणीतरी वर्तमानपत्र टाकलं होतं; वास लपत नव्हता. सर चहात बिस्कीट बुडवून खात होते. भिजका तुकडा ओठाला चिकटला होता. "बाईंच्या हातात जादू होती," ते म्हणाले.

आईच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मावशींनी मला बाजूला घेतलं. "काचेच्या नळ्या आल्यात परवा. सरांनीच मागवल्या, गुपचूप. आता रिकाम्या नळीत आकडाच येत नाही बघ. पण कबूल करतायत कशाला!"

सर सांत्वनाला आले. त्यांचा ओलसर पंजा माझ्या खांद्यावर पडला. तो झटकावासा वाटला. पण त्यांचंच वाक्य मी तिला घरी ताटात वाढलं होतं. माझीच मला जास्त किळस आली.

"आईचे हात स्वच्छ होते," मी म्हटलं. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल असं.

"रसायन नळीलाच चिकटत होतं, सर. तुम्ही खोटं बोललात, आणि मीही. माझ्या आईचे हात स्वच्छ होते."