एक्क्याण्णव टक्के समाधानी

मी एक आकडा बोलतोय. एक्क्याण्णव. माझ्या पाठीला टक्क्याचं चिन्ह चिकटवलंय. जिथे जिथे मला लिहितात तिथे मी असतो, आणि गेली चार वर्षं मला इतक्या ठिकाणी लिहिलंय की आता जीव शिणलाय.

माझा जन्म एका सरकारी दवाखान्यात, औषधांच्या खिडकीशेजारी झाला. पाय सुजतात म्हणून एका नर्सबाईंना वॉर्डातून काढून तीन दिवस तिथे खुर्ची टाकून बसवलं होतं. औषधाची पिशवी घेऊन निघालेल्या प्रत्येकाला त्या विचारायच्या, "इथल्या सेवेवर समाधानी आहात ना?" प्रश्न वरूनच छापून आला होता, त्या 'ना'सकट. माणसं घाईत असायची. "हो हो, बरंय की," म्हणत पुढे सरकायची. एक आजोबा म्हणाले, "नाही म्हटलं तर पुढच्या वेळी सुई जोरात टोचाल." त्यांचंही 'हो'च लिहिलं गेलं. दोनशे चाळीस जणांपैकी दोनशे अठरा जण हो म्हणाले. कारकुनाने भागाकार केला. मी एक्क्याण्णवला थोडा कमी पडत होतो, त्याने मला वर ढकललं.

मग माझी वरात निघाली. अधीक्षकसाहेबांनी मला दारावरच्या फलकावर रंगवलं. वर्तमानपत्राने 'रुग्ण' काढून 'शहरवासी' घातलं. आणखी दोन डॉक्टर द्या, असं कोणी म्हटलं की साहेब माझ्याकडे बोट दाखवायचे. "लोक तर खूश आहेत." त्या दोन जागा माझ्या जोरावर रिकाम्या राहिल्या. फलकाखाली रांगेत ताटकळलेली एक बाई मला वाचून शेजारणीला म्हणाली, "आपण दोघी त्या उरलेल्या नऊ टक्क्यांतल्या दिसतोय." मला मान खाली घालता येत नाही, नाहीतर घातली असती.

यंदा एका कॉलेजने निबंधस्पर्धा ठेवली. समाजाबद्दलचा एखादा गाजलेला आकडा निवडायचा आणि तो कुठून आला ते शोधून लिहायचं. अकरावीतल्या एका मुलीने मला निवडलं. ती नुसती वाचत बसली नाही. एका मंगळवारी सकाळपासून ती दवाखान्यात बसून मोजत राहिली. एकशेतीस जणांनी केसपेपर काढले, औषधाच्या खिडकीपर्यंत त्र्याऐंशीच पोचले. बाकीचे कंटाळून परत गेले.

ती घरी आली तेव्हा तिची मावशी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. मावशी म्हणजे त्याच नर्सबाई.

"मावशी, हे सर्वेक्षण झालं तेव्हा खिडकीपाशी कोण बसलं होतं गं?"

"मीच की."

"आणि जे औषध न घेता गेले, त्यांना कोणी विचारलं?"

"माझ्यासमोरूनच जायचे ते. पण औषध घेतलेल्यांनाच विचारा, असा हुकूम होता."

मुलीने वही मिटली. "मी दुसरा आकडा घेते. उगाच तुझ्या नोकरीवर यायचं."

नर्सबाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "हाच घे. एक बाई तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन माझ्यासमोरून परत गेली. मी नुसती बघत राहिले. तेही लिही. माझं नाव घालू नकोस, पण कोणी विचारलंच तर मी लपणार नाही."

निबंध अंतिम फेरीत पोचला. तिथे पाहुणे म्हणून अधीक्षकसाहेबच आले होते. वाचन संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे आमचा आकडा खोटा?"

मुलीने निबंधाचा कागद छातीशी घट्ट धरला. कागदावर होतो, म्हणून मलाही ते जाणवलं.

"खोटा नाही, सर. ज्यांना औषध मिळालं त्यांच्याबद्दल तो सांगतो. ज्यांना मिळालं नाही ते त्याला माहीतच नाहीत. त्यांच्या वतीने त्याला बोलायला लावणं म्हणजे त्याच्यावरही अन्यायच."

याआधी माझ्या बाजूने कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. हे पहिलंच.

"आणि हे सगळं तुला सांगितलं कोणी?" साहेबांनी विचारलं.

शेवटच्या रांगेतून नर्सबाई सुजल्या पायांवर उभ्या राहिल्या. "मी सांगितलं, साहेब."

मुलीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. नर्सबाईंची बदली पुढच्याच आठवड्यात चादरींच्या कोठीत झाली. आता त्या दिवसभर घड्या घालतात. भाची कॉलेज सुटल्यावर चादरीचं दुसरं टोक धरायला जाते. फलकावर पांढरा रंग फासलाय, पण एकच हात, तोही घाईने. ऊन तिरपं पडलं की मी अजून दिसतो.

मला पुन्हा ठळक करू नका. दवाखान्याच्या दारातून आजही माणसं औषधाशिवाय परत जाताहेत. त्यांचं काय म्हणणं आहे ते जाणून घ्यायचं असेल, तर त्यांच्याकडे एखादं माणूस पाठवा. मला आता पडून राहू द्या.